चार जणांनी चार नावं सांगितली, पोराला नेमकं झालंय तरी काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका वडिलांनी लिहिलंय. सहा एकर वावर, कपाशी-तूर आणि हिवाळ्यात थोडा हरभरा-गहू. मुलगा १६ वर्षांचा, दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला घातला. मागच्या दिवाळीनंतर पोरगा एकदम जोमात आला. ओलिताची लाईन (वीज) रात्रीची होती तर रात्री तोच वावरात जायचा आणि सकाळी पुन्हा ताजातवाना. बडबड वाढली, फवारणीच्या ड्रोनचा धंदा टाकतो म्हणून याच्या-त्याच्याकडून ११ हजार रुपये घेतले आणि ऑनलाईन घालवले, सरांशी भांडला. फेब्रुवारी लागला आणि पोरगा एकदम बसला. अंघोळ नाही, कॉलेज नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांत पोरगा बरा व्हायच्या जागी 'जास्तच बरा' झाला, रात्रभर जागा, टीव्ही फोडला, म्हणून गोळ्या बंद केल्या. मे महिन्यात नवीन मोबाईल घेऊन देतो म्हणून नागपूरला मानसोपचार तज्ज्ञाकडे नेलं, आधीची चिठ्ठी हरवलेली, गोळीचं नाव आठवत नव्हतं, दहा मिनिटांत बायपोलर (कधी अति जोम, कधी खोल उदासी असा आजार) सांगितलं, त्या गोळ्यांनी हात थरथरायला लागले, १२ दिवसांत त्याही बंद, मग पेरणी आली आणि पुन्हा जाणं झालंच नाही. कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चुळबुळेपणाचा त्रास) वाटतं, पोरानं स्वतः रील पाहून तेच धरून ठेवलंय. नातेवाईक म्हणतात बाहेरचं आहे, आईला देवाला न्यायचंय. आता तो पुन्हा पडून असतो. मध्ये एकदा आईला म्हणाला, "मी नसतो तं तुमचं बरं झालं असतं."

वडील विचारतात: "चार जनाईनं चार नावं सांगतली. खरं कोन सांगन? एमआरआय केला तं दिसन का? मुंबई-पुन्याले न्याव लागलं तं वावर गहान टाकतो, पन एकदा नक्की समजू द्या." आणि पत्राच्या खाली, नाव लिहून झाल्यावर, दोन ओळी: "माझा लहान भाऊ २०१४ मध्ये फवारनीचं औषध पिऊन गेला. हे कोन्याच डॉक्टरले सांगतलं नाही, पोराच्या नावाले डाग लागन म्हनून."

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

उत्तर लांब होणार आहे, पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते हे वाचता वाचता उठून करायचंय. फवारणीचे दिवस चालू आहेत, म्हणजे कोठ्यात नाहीतर पलंगाखाली औषधाच्या बाटल्या असणारच. त्या आजच्या आज घरातून हलवा, भरवशाच्या शेजाऱ्याकडे लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्लीही त्याच्याकडेच ठेवा, तुमच्या खिशात नको, कारण तुमचा शर्ट खुंटीला टांगलेला असतो आणि पोराला ती खुंटी माहीत आहे. उरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपाही कुलपात. मग त्याच्याजवळ बसून सरळ विचारा, "बाबू, जीव द्याचं मनात येते का तुह्या?" असं विचारल्यानं नसलेलं डोक्यात शिरन अशी भीती आपल्या सगळ्यांना वाटते, पण तसं होत नाही, बरेचदा पोराला हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं एकदाचं. 'हो' म्हणाला, किंवा कसं करायचं ते ठरवलंय असं वाटलं, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जिल्हा हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. रात्र असेल, गाडी नसेल, काही सुचत नसेल तर १४४१६ लावा. तो टेली-मानसचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात.

झालं? आता बसा.

तुमचा प्रश्न आहे खरं कोण सांगेल. त्याच्या पोटात एक धरून चाललेली गोष्ट आहे, की आजाराचं नाव कुठंतरी पोराच्या डोक्यात लिहिलेलं आहे आणि चांगली मशीन नाहीतर मोठा डॉक्टर मिळाला की ते वाचता येईल. तुम्ही कपाशीवाले आहात म्हणून एक विचारते. बोंडं भरायच्या वेळेला पानं लाल पडली की आपण काय म्हणतो, लाल्या आला. पण लाल्या कशानं आला? मॅग्नेशियम कमी पडलं असेल, नत्र कमी पडलं असेल, तुडतुड्यांनी रस शोषला असेल, पाणी साचलं असेल, एकदम थंडी पडली असेल. पान तर सगळ्यात लालच दिसतं! मग जाणता माणूस नुसतं पान पाहून औषध सांगतो का? तो विचारतो जमीन कोणती, लाल कधीपासून पडली, खालून की वरून, मागची फवारणी कशाची आणि किती दिवस झाले. ज्यानं वावर रोज पाहिलंय त्यालाच ते सांगता येतं. पोराचंही तसंच आहे. चिडचिड, न झोपणं, अभ्यासात लक्ष नसणं, खोलीत पडून राहणं, ही लाल पानं झाली. ती डिप्रेशनमध्ये दिसतात, बायपोलरमध्ये दिसतात, एडीएचडीत दिसतात, गांजानं होतात, थायरॉईडनं होतात, आणि कुणी पोरावर अत्याचार केला असेल आणि तो बोलत नसेल तरी होतात.

म्हणून एमआरआयचं उत्तर आधी देऊन टाकते. बायपोलर किंवा डिप्रेशन एमआरआयमध्ये दिसत नाही, कोणत्याच फोटोत दिसत नाही, रक्तातही नाही. डॉक्टर कधी कधी स्कॅन करायला सांगतात ते दुसरं काही नाही ना हे पाहायला, म्हणजे डोक्याला मार, झटके, गाठ, मेंदूची सूज. त्यांना तशी शंका आली तर जरूर करा. पण स्वतःच्या मनानं पैसे भरून एमआरआय काढला आणि 'नॉर्मल' आला तर तुमच्या घरी दोनच गोष्टी होतील, नातेवाईक म्हणतील पाहा नाटक करतोय, आणि बाकीचे म्हणतील पाहा बाहेरचंच आहे.

तुम्हाला वाटतं चार जणांनी चार नावं सांगितली म्हणजे तिघं खोटे. मला तसं वाटत नाही. प्रत्येकानं पोराचा वेगवेगळा महिना पाहिलाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीचा पडलेला पोरगा पाहिला. समुपदेशक मॅडमला तो वर्गात कसा असतो तेवढंच माहीत. पूर्ण वर्ष पाहिलेली माणसं दोनच, तुम्ही आणि वहिनी, आणि खरं सांगू का, तुम्ही दोघांनी ते कुणाला सलग सांगितलेलंच नाही. या आजारांची नावं काळावर ठरतात. सतत उदास नाहीतर सगळ्यातून मन उडालेलं असं निदान दोन आठवडे असेल तर डिप्रेशनचा विचार होतो (आणि या वयात ते रडण्याऐवजी चिडण्यातूनही दिसतं). त्याच्या उलटं, अंगात जोर, बडबड, झोप नको, मोठमोठे बेत, हे जवळपास रोज आठवडाभर चाललं तर त्याला मेनिया म्हणतात. एडीएचडी असा येतो-जातो असा नसतो, तो लहानपणापासून असावा लागतो, बारा वर्षांच्या आत त्याच्या खुणा दिसलेल्या असाव्या लागतात. मग दहा मिनिटांत, एकाच भेटीत, समोर गप्प बसलेल्या पोराकडे पाहून कोण काय ठरवणार?

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि आता हे सदर लिहिते, तेव्हा पत्रावरून तुमच्या पोराला मी कोणतंही नाव चिकटवणार नाही. पण तुमच्या पत्रात तीन जागा अशा आहेत जिथं माझी पेन्सिल थांबली, आणि त्या तिन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्यासारख्या लिहिल्यात.

पहिली, रात्रीची लाईन. तुम्ही लिहिलंय रात्री तो ओलिताला जायचा आणि तुम्हाला कौतुक वाटायचं की पोरगा मेहनती निघाला. वाटणारच, कोणत्या बापाला वाटणार नाही! पण आठवून पाहा, सकाळी आल्यावर तो झोपायचा का? डोळे तांबारलेले, जांभया, दुपारी कुठंही आडवा, असं होतं, की तीन-चार तासांवर आठवडेच्या आठवडे काढूनही त्याला थकवा म्हणून नव्हताच? ज्याला झोप येत नाही आणि म्हणून जो दिवसा मरगळलेला असतो तो वेगळा, आणि ज्याला झोपेची गरजच वाटत नाही तो वेगळा. डॉक्टर हे दोन्ही फार वेगळ्या कप्प्यात टाकतात. आपल्याकडे मात्र रात्रीच्या लाईनीमुळे हा फरक लपून जातो, कारण हिवाळ्यात अर्धं गाव तसंही रात्री वावरात बॅटरी घेऊन फिरत असतं आणि जागं राहणाऱ्या पोराला कुणी आजारी म्हणत नाही. घरात कुणाला हे आठवत नसेल तर धुऱ्याला लागून ज्याचं वावर आहे त्याला विचारा, तो सांगेल.

दुसरी जागा, तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या. तीन आठवड्यांत 'जास्तच बरा' झाला, हे तुम्ही हसण्यावारी लिहिलंय, पण ही सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती असू शकते. डिप्रेशनची गोळी काही जणांना वरच्या टोकाला ढकलते, ज्यांच्यात बायपोलरची शक्यता असते त्यांना जास्त, म्हणून डॉक्टरला हे कळणं फार गरजेचं असतं. नागपूरच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का तुम्ही? पत्रावरून वाटतं की नाही, कारण आधीची चिठ्ठी हरवली आणि गोळीचं नाव आठवत नाही असं तुम्हीच लिहिलंय. तालुक्याला ज्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या तिथं जा, फेब्रुवारी-मार्चचं बिल त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये निघू शकतं, आणि त्या डॉक्टरांकडेही केसपेपर असेल. लाज वाटायचं काही कारण नाही, ते कागद मागणं तुमचा हक्क आहे.

नागपूरचे डॉक्टर चुकले असं मला म्हणता येत नाही. कदाचित बरोबरही असतील. माझी तक्रार एवढीच, की त्यांनी दहा मिनिटांत नाव सांगितलं, ते कशावरून ते समजावलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात आजार काय आहे आणि उपचाराचा प्लॅन काय आहे हे समजून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे, तेव्हा विचारायला भिऊ नका. पण दहा मिनिटांचा अर्धा दोष आपलाही आहे भाऊ. तुम्ही पोराला नागपूरला काय सांगून नेलं? नवीन मोबाईल घेऊन देतो. मग एसटीतून उतरल्यावर त्याला बोर्ड दिसला. तो ओठ दाबून बसला असेल तर त्यात नवल नाही, मी त्याच्या जागी असते तर मीही बसले असते! १६ वर्षांच्या पोराला फसवून ओपीडीत नेता येतं, पण त्याच्या तोंडातून हिस्ट्री काढता येत नाही. यावेळी खरं सांगून न्या. "तुले झोप नाही, तुह्या जिवाले त्रास होते, तो कमी कराले जाऊ, तुले पागल समजून नाही नेत." आणि डॉक्टरांना सांगा की थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोला. तुम्ही बाहेर बेंचवर बसा. दार बंद झालं की कसंतरी होतं, माहीत आहे मला, पण गांजा, पोरी, कॉलेजातली मारझोड, मोबाईलवर हरलेले पैसे, हे बापासमोर कोणता पोरगा बोलेल?

गांजाचं मुद्दाम लिहिते. तुमच्या पत्रात नाही, पण तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांबद्दल बोलताना ते विचारावंच लागतं, खर्रा (तंबाखू-सुपारी) तर आहेच आपल्याकडे, पण खर्ऱ्यानं हे होत नाही, गांजानं होऊ शकतं, किंवा असलेलं वाढू शकतं. डॉक्टर पोलीस नाहीत. खरं सांगितलं तर औषध बरोबर बसतं, लपवलं तर डॉक्टर भलत्याच दिशेनं जातात.

एडीएचडीचं म्हणाल तर ते ठरवायला मदत करणारा माणूस तुमच्या गावातच असेल. त्याला चौथीपर्यंत शिकवणारे गुरुजी किंवा बाई. त्यांना विचारा, हा वर्गात कसा होता? बसल्या जागी चुळबुळ, पाटी-पेन्सिल रोज हरवायची, वाक्य अर्धं ऐकून उठायचा, असं होतं का? आम्हा मास्तर लोकांना पोरं विसरतात पण आम्ही पोरांना विसरत नाही. 'तेव्हा तो शांत होता, डबा संपवून पुस्तक वाचत बसायचा' असं त्यांनी सांगितलं तर डॉक्टरांच्या दृष्टीनं ती मोठी माहिती आहे. आणि पोरानं रील पाहून स्वतःला एडीएचडी ठरवलं यावर त्याला हसू नका. त्याला काहीतरी होतंय हे त्याला कळलंय आणि तो नाव शोधतोय, तुम्ही शोधताय तसंच. त्याला म्हणा, ते रील डॉक्टरला दाखव, यातलं काय काय तुला होतं ते त्यांना सांग.

आता शरीराचं. मोठं काही नाही, पण डॉक्टरांना विचारून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर एवढं सरकारी दवाखान्यात पाहून घ्या. डोक्याला कधी मार लागला होता का, लहानपणी तापात झटका आला होता का, हेही सांगा. हे मी का लिहिते तर माझ्या घरचं आहे. माझ्या बहिणीची मुलगी चौदा वर्षांची असताना मध्येच एकटक पाहत बसायची, ओठ चावल्यासारखे करायची, हातातलं ताट सोडून द्यायची आणि दोन मिनिटांनी काही आठवायचं नाही. गावात म्हणाले अंगात येते. एका मोठ्या दवाखान्यात म्हणाले शाळा टाळायचं नाटक आहे, पोरीकडे लक्ष देऊ नका, आपोआप बंद होईल. दोन वर्षं गेली त्यात. शेवटी तिच्या मैत्रिणीनं असं झालं तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढला, चाळीसएक सेकंदाचा, त्यात मागं कुकरची शिट्टी ऐकू येते अजून, आणि तो व्हिडिओ दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिला आणि म्हणाले ही मिरगी आहे, मिरगीत सगळेच हातपाय झाडत नाहीत. मेंदूची पट्टी (ईईजी) काढली, गोळ्या सुरू झाल्या, पोरगी बीएस्सी झाली. दोन वर्षं ती शहाणी मुलगी स्वतःला नाटकी समजत होती, ते मात्र कोणत्या गोळीनं भरून निघालं नाही.

म्हणून व्हिडिओ काढा. त्याची बदनामी करायला नव्हे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला तर मुळीच नाही, फक्त डॉक्टरसाठी, आणि जमलं तर नंतर त्यालाही सांगून.

आणि रोजची नोंद ठेवायला एक कॉपी (वही) घाला. पोराचीच एखादी अर्धी कोरी कॉपी घ्या, उगाच नवीन रजिस्टर आणू नका, नवीन रजिस्टर आपल्या घरात जपून ठेवलं जातं, लिहिलं जात नाही. एका दिवसाला दोन ओळी. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, खाल्लं काय, बोलला किती, गोळी घेतली का. 'आज चिडला' असं लिहू नका, काय झालं ते लिहा. म्हणजे असं, "मंगळवार. रात्री दोनला उठला, मोटर लावतो म्हणाला, लाईन नव्हती तरी गेला. साडेपाचला आला. चहा घेतला, झोपला नाही." किंवा, "पोळा. बैल धुवायला आला नाही. आईनं पुरणपोळी नेऊन दिली, अर्धी खाल्ली. दिवसभरात तीन वाक्यं बोलला." हे असं तीन आठवड्यांचं लिहिलेलं पाहिलं की डॉक्टरला जे दिसतं ते एमआरआयमध्ये दिसत नाही. मागच्या वर्षाचंही लिहा, तारखा आठवणार नाहीत तर शेतीवरून लावा, दिवाळी, हरभऱ्याला पाणी, कापसाचा शेवटचा वेचा, पेरणी. आपलं कॅलेंडर तेच आहे आणि ते फारसं चुकत नाही.

वावर गहाण टाकू नका. कशासाठी? यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये आहे, नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, एम्स आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे (तिथं गेलं म्हणजे भरतीच करतात असं काही नाही, नावाला भिऊ नका). गावच्या आशाताईला विचारा, आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा जो प्रेरणा प्रकल्प काढला त्यात यवतमाळ आहे आणि जिल्हा हॉस्पिटलची मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते हे तिला माहीत असतं, नसेल तर १४४१६ वर विचारा. यातला सगळ्यात मोठा डॉक्टर निवडू नका, ज्याच्याकडे महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन संध्याकाळी दूध काढायला घरी परत येता येईल तो निवडा. कारण हे एका भेटीचं काम नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर जे नाव लिहितील ते बरेचदा अंदाजाचं असतं, सहा महिन्यांत ते बदलू शकतं, आणि बदललं तर डॉक्टर कच्चा आहे असं समजू नका, उलट तो पोराकडे पाहतोय असं समजा. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: "साहेब, हे नसलं तर दुसरं काय असू शकते, आन् काय दिसलं म्हंजे तुमचं मत बदलन?" जो डॉक्टर यावर चिडत नाही त्याला धरून राहा. दुसऱ्याचं मत घ्यायचं तर बिनधास्त घ्या, फक्त पहिली फाईल सोबत न्या. तुम्ही आजपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोरी पाटी घेऊन गेलात, म्हणून प्रत्येकानं नवीन अक्षर काढलं.

गोळ्या स्वतःहून बंद करणं मात्र आता थांबवा. हात थरथरणं खोटं नाही, काही गोळ्यांनी होतं. ती गोळी लिथियम (बायपोलरवर देतात ती) असेल तर तिचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, आणि आपल्या मे महिन्यात, घामानं अंग निथळत असताना, पाणी कमी पडलं की ते प्रमाण वाढू शकतं. अशा वेळी आधी डॉक्टरला फोन करायचा, ते डोस कमी करतील, गोळी बदलतील, थांबवायची तर तेच थांबवतील. दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यायचं, काय झालं तर ताबडतोब यायचं आणि काय झालं तर फोनवर चालेल. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांनी आणखी एक विचारावं, ही गोळी पुढं गरोदरपणात चालते का, कारण या आजारातल्या काही गोळ्या चालत नाहीत आणि डॉक्टर घाईत असले तर हे सांगायचं राहून जातं.

वहिनींना देवाला न्यायचंय तर नेऊ द्या. तिला काहीतरी करायचंय, नुसतं पाहत बसवत नाही, आणि नारळ फोडल्यानं पोराचं काही बिघडत नाही. पण गोळी बंद करायला सांगणारा, धुरी देणारा, मारून 'उतरवतो' म्हणणारा, बांधून ठेवा म्हणणारा कुणी भेटला तर तिथून पोराला उचलून आणायचं. भूत उतरवायला मारहाण करणं २०१३ पासून आपल्या राज्यात गुन्हा आहे, आणि मानसिक आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे.

राहिली तिसरी जागा. तुमच्या भावाची.

तुम्ही डाग म्हणालात. दहा-बारा वर्षं हा विषय घरात कुणी काढत नसेल, फोटो असेल भिंतीवर, पण बोलणं नाही, बरोबर? कर्ज होतं म्हणून गेला एवढंच सगळ्यांना माहीत. कर्ज असेलही. पण मला हे विचारायचंय, की त्याच्या आधीच्या वर्षांत तो कसा होता. त्यालाही कधी असे झोप नसलेले महिने यायचे का? एकदम बोअर खोदायला काढणं, कुणालाही पैसे वाटणं, दोन पोरांचं काम एकट्यानं करणं, आणि मग पुढचा महिना खाटेवर? मी म्हणत नाही की तसंच असेल. पण हे आजार घराण्यात चालू शकतात, बायपोलर तर बऱ्यापैकी, म्हणजे काकाला होतं तर पुतण्याला होणारच असं नाही, शक्यता वाढते एवढंच, आणि डॉक्टरचं पारडं इकडून तिकडे झुकायला कधी कधी तेवढी एकच गोष्ट पुरते. पोरालाही ते माहीत असायला हवं. त्याला वाटतंय की हे जगात त्याच्या एकट्यालाच झालंय. २०१४ ला तो चार-पाच वर्षांचा होता, काकाच्या खांद्यावर बसून वावरात गेला असेल, त्यालाही काही आठवत असेल, जे तो तुम्हाला विचारत नाही कारण तुम्ही बोलत नाही.

लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील ही भीती मला समजते, मी याच भागात राहते. पण डॉक्टरच्या केसपेपरवर लिहिलेलं गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे, गावात आधीच सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्यापासून लपवलं ती माणसं कोण, तर पोराला बरं करू शकणारे तेवढेच.

तेव्हा कॉपीचं पहिलं पान भावासाठी. त्याचं नाव, वय, किती दिवस आधीपासून तो वेगळा वागत होता, शेवटच्या महिन्यात किती झोपायचा. तुमच्यानं लिहवणार नाही तर वहिनींना लिहायला सांगा, वहिनींनाही जमलं नाही तर त्याच्या बायकोला विचारा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल आणि तिला आजवर कुणी विचारलं नसेल. पण ते पान कोरं ठेवून ओपीडीत जाऊ नका.